काकूंची नळी आणि काकांचं तिखट

प्रल्हादकाकांना फनेल सापडलं नाही, म्हणून त्यांनी नागपूरहून आणलेलं तिखट बायकोच्या इनहेलरच्या नळीतून बरणीत ओतलं. अमेरिकेत, शॉमबर्गच्या त्या बंद खिडक्यांच्या किचनमध्ये तिखट उडालं आणि मालिनीकाकूंना जो ठसका लागला, तो थांबेचना. छातीतून शिट्टी वाजू लागली. मग त्या बोलायच्याच थांबल्या.

"बाबा, आईंची नळी, तो स्पेसर कुठंय?" सून आसावरी पंप घेऊन धावत आली. कानाशी फोन होता. ॲम्ब्युलन्ससाठी ९११ लावून झालं होतं.

काकांनी नळी पुढे केली. आतून लालभडक!

"अहो बाबा, ह्यातून औषध घेतात!"

"धुऊन ठेवलेली होती गं, मला वाटलं..."

आता पंप थेट तोंडात. काकूंनी सवयीने सुर्रकन जोरात ओढलं. नागपूरला त्यांच्याकडे कॅप्सूलमधली पूड ओढायचं यंत्र होतं. ती पूड आपल्याच दमावर आत जाते, जोर लावावाच लागतो. पंपाचा फवारा मात्र स्वतःच सुसाट सुटतो; त्याला हळू ओढायचं, नाहीतर औषध घशाला चिकटतं आणि छातीला काही मिळत नाही. नळी असती तर फवारा तिच्यात थांबला असता, काकूंनी सावकाश घेतला असता. पण नळीचं काय झालं ते सांगितलंच.

"हळू, आई, हळू!"

काकूंना पंप नीट दाबता येईना. पंप काकांनी धरला आणि घाईत आधीच दाबला. औषध काकूंच्या दातांवर! काकूंचे ओठ पांढरे पडले.

"मालू, माझ्याकडे बघ." काका म्हणाले. "तू ओढायला लाग, मी लगेच दाबतो. ह्या वेळी माझं ऐक गं."

काकूंनी हळूहळू श्वास घेतला. काकांनी दाबलं. "धर... धरून ठेव..." स्वतःचाही श्वास त्यांनी धरून ठेवला. थोडं थांबून आणखी एकदा.

फोनवरची बाई इंग्रजीत विचारत होती, पेशंटला एक पूर्ण वाक्य बोलता येतंय का? आसावरी सासूबाईंच्या तोंडाकडे बघत राहिली.

"अहो," बारीक आवाज आला. काकांनी डोळे पुसले. "अक्कल गहाण टाकलीत का? जन्मात कधी पाण्याचा ग्लास उचलला नाहीत, आणि इथे येऊन मेली तिखट भरायची हौस! तेही माझ्या औषधाच्या नळीतून! जीव घेता का माझा?"

"बोल मालू, बोल," काका रडत रडत म्हणाले. काकू बोलतच राहिल्या.

फोनवरची बाई घाबरली. "मॅम, कोण ओरडतंय तिथे? त्यांना आधी पेशंटपासून लांब न्या!"

"कसं नेऊ?" आसावरी म्हणाली. "त्याच पेशंट आहेत."