घटाखालचं रताळं

रताळी लावायचं मी ठरवलं ते साहेबांमुळे. तेव्हा 'अधिक धान्य पिकवा'ची धूम चालू होती. श्रीवर्धनच्या आमच्या कचेरीत साहेबांनी एके दिवशी सगळ्या कारकुनांना उभं केलं आणि कोण परसात काय पिकवणार ते विचारलं. वांगी, भेंडी, दुधी पुढच्यांनी पटकावले. माझी पाळी आली तेव्हा तोंडून निघालं, "रताळी, सर!" (का निघालं, देव जाणे. तोंड माझंच, पण ते मला विचारून थोडंच उघडतं?)

घरी हे सांगायची सोय नव्हती. आदल्या वर्षी मी मधमाश्या पाळल्या होत्या. त्या लवकरच उडून गेल्या, पण जाण्यापूर्वी बायकोच्या माहेरची झाडून सगळ्या माणसांना डसून गेल्या. तेव्हापासून आमच्या सौभाग्यवतीनं, म्हणजे सत्यवतीनं, मला परसात फक्त हातपाय धुवायची मुभा ठेवली होती.

म्हणून मी गुपचूप कामाला लागलो. रताळ्याचे वेल लावायचे तर आधी घरात रताळ्यांना कोंब आणावे लागतात. गणपती गेले आणि मी एक पसरट टोपली घेतली, तळाला केळीचं पान घातलं, माती बारीक चाळली, तीत राख आणि कुजलेलं शेणखत मिसळलं. चांगली जाडजूड रताळी त्यात आडवी निजवली, वर मातीचं पांघरूण घातलं आणि टोपली चुलीमागच्या उबेत ठेवून दिली. कोंब वीतभर झाले की खुडून परसात लावायचे. कुणाला पत्ता लागायच्या आत वेल पसरलेला असेल, असा माझा डाव.

सर्वपित्री अमावास्येला कचेरीतून घरी आलो, तर सत्यवती दारातच हसत उभी.

"अहो, घटाची माती चाळून ठेवलीत, टोपलीसुद्धा भरलीत, आणि बोललाही नाहीत?"

आता इथं थोडं सांगायला हवं. आमच्या घराण्याचा नवरात्रातला घट म्हसळ्याला थोरल्या वहिनीकडे बसायचा. टोपलीत माती, मातीत धान्य, मधोमध पाण्याचा कलश, कलशावर नारळ. एकदा बसवला की दसऱ्यापर्यंत हलवायचा नाही. यंदा वहिनीचे गुडघे धरले होते, म्हणून चौलच्या गोदूआत्यांनी घट पहिल्यांदाच धाकटीकडे, म्हणजे सत्यवतीकडे दिला होता. आत्या म्हणजे आमच्या घराण्याचं हायकोर्ट. अष्टमीला त्या स्वतः बघायला येणार होत्या. नीट झालं तर घट कायमचा आमच्याकडे. काही बिनसलं तर परत म्हसळ्याला, आणि मग जन्मभर वहिनीचं "मी म्हटलंच होतं!" ऐकायचं. श्रावणापासून सत्यवतीची झोप उडाली होती.

"लग्न झाल्यापासून तुम्ही पहिल्यांदाच न सांगता माझं काही काम केलंत," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. अशा वेळी 'अगं, त्यात रताळी आहेत' असं सांगणारा नवरा असेलही एखादा. मी तो नव्हे. मी म्हणालो, "त्यात काय मोठंसं!"

दुसऱ्या दिवशी घट बसला. रोज पाणी शिंपडलं जाई, शेजारी अखंड दिवा तेवे. धान्य तरारून वर आलंच, पण रताळ्यांचीही अशी बडदास्त कुठल्या सरकारी फार्मावर राहिली नसेल. तिसऱ्या माळेला धान्याच्या पिवळ्या पात्यांतून एक जांभळा कोंब डोकावला. आत्यांचा जन्म वाडीत गेलेला. त्यांनी तो डोळे मिटूनही ओळखला असता.

पारोशानं घटाजवळ जायची सोय नव्हती. पहाटे उठलो, थंड पाण्याच्या घागरी अंगावर ओतून घेतल्या आणि ओलेत्यानं घटापुढे बसून, नमस्काराच्या मिषानं कोंब खुडला. मागे सत्यवती उभी!

"अहो, तुम्ही? देवीपुढे?"

"आतून वाटलं," मी शिंकत म्हणालो.

"मग उपासही धरा ना!"

धरला. काय करतो!

आणि त्या कोंबाची जात बघा. एक खुडला, तर त्याच्या बगलेतून दोन फुटले. दोन्ही खुडले, तर चौफेर फुटले. रोज पहाटे मी खुडतोय आणि रोज कोंब वाढतायत. नाक चोंदलेलं, पोटात साबुदाणा, आणि शेजारच्या सोनूबाई आपल्या नवऱ्याला सुनावतायत, "हरेश्वरभावोजींकडून शिका काहीतरी!" (तो बिचारा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.)

अष्टमीला मी ठरवलं, आता मूळच उपटायचं. सत्यवती सकाळच्या गाडीवर आत्यांना आणायला गेली आणि मी मातीत हात घातला. बोटांनी चाचपत एक गलेलठ्ठ रताळं ओढून काढलं, कमरेच्या पंचात खोचलं, वरची माती सारखी केली. एवढ्यात अंगणात आवाज आला.

"काय रं हरेश्वरा, घट कसा हाय?"

"उत्तम आहे, आत्या!" मी म्हणालो, आणि माझ्या डोळ्यांदेखत कलश तिरका व्हायला लागला. खालचा आधारच मी काढून घेतला होता ना! तो सावकाश कलत होता. वरचा नारळ सरकला. मी झेप घेतली आणि कलश दोन्ही हातांनी कवटाळला.

"आरं, घटाला शिवलास?" आत्या उंबऱ्यातून ओरडल्या.

"सोडू नका हो!" सत्यवती किंचाळली. "नारळ पडेल!"

मी तसाच, गुडघ्यांवर. नाकात शिंक येऊन थांबलेली. आणि त्याच मुहूर्तावर कमरेचं रताळं सुटलं, जमिनीवर पडलं आणि गडगडत थेट आत्यांच्या पायांशी गेलं.

आत्यांनी रताळ्याकडे पाहिलं. मग घटातल्या जांभळ्या कोंबांकडे. मग माझ्याकडे. सत्यवतीचा चेहरा पांढराफटक पडला होता, तो मला बघवेना. खरंच सांगतो, भडभडून आलं.

"आत्या, हिचा काही दोष नाही. माती माझी, रताळी माझी. हिला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. तेवढ्यासाठी घट हिच्याकडून नेऊ नका."

आत्यांनी रताळं उचललं, उलटसुलट करून पाहिलं.

"हलू नको," त्या म्हणाल्या. हातपाय धुऊन आल्या, माझ्या शेजारी बसल्या, कलशाखालच्या पोकळीत ते रताळं नेमकं सारलं आणि भोवती माती दाबली.

"सोड आता."

"सोडू?"

"सोड म्हनते न्हवं!"

मी एकेक बोट सोडवलं. कलश ताठ उभा राहिला. इतका वेळ दाबलेली शिंक मी शेवटी ओटीवर जाऊन दिली.

परत आलो तेव्हा आत्या धान्याच्या पात्यांवरून हात फिरवत होत्या. "कोंब खुडत व्हतास व्हय रं? येडा कुठला! खुडशील तितकं फुटतंय ते. ऱ्हाऊ दे आता, दसऱ्याला मी चौलला नेते आन वाडीत लावते." मग सत्यवतीकडे वळून म्हणाल्या, "धान मातुर झ्याक आलंय. थोरलीकडं असं कदी आलं न्हाय. घट आता तुज्याकडंच ऱ्हाईल."

सत्यवती रडतच त्यांच्या पाया पडली. (पाठोपाठ मीही वाकलो. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.)

"पन एक अट हाय," आत्या म्हणाल्या.

"सांगा ना, आत्या. कुठलीही असू दे!"

"दर नवरात्राला ह्याला म्हसळ्याला थोरलीकडं धाडायचं. घट बसायच्या आदल्या दिवशी."

मी सत्यवतीकडे पाहिलं. इतक्या दिवसांचे माझे उपास, पहाटेच्या घागरी, ती सर्दी, आणि आत्ता सगळ्यांदेखत तिची घेतलेली बाजू! ती काहीतरी म्हणेल, अशी माझी खात्री होती. आणि ती म्हणालीही.

"आदल्या दिवशी कशाला, आत्या?" पदरानं डोळे पुसत ती म्हणाली. "पितृपक्ष लागला की लगेच धाडते."