चांगले जंतू

पुंडलिकरावांनी जंतू विकत आणले तेव्हा इंदूबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या.

"घरात कमी हायत का?" त्यांनी विचारलं.

"हे चांगले हायत. कोंबड्यायच्या पोटात जातेत अन् वाईट जंतूले बसाले जागाच देत नाईत. ढोरायचे राजदीप डॉक्टर सांगून राह्यले."

पुंडलिकरावांचा स्वतःचाच यावर विश्वास बसत नव्हता. सगळी हयात कपाशीवर फवारे मारण्यात गेलेली. औषध मारायला असतं, एवढंच त्यांना ठाऊक. पण सलग दोन वर्षं बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ल्यावर नेरजवळच्या शेतात त्यांनी दोनशे कोंबड्यांची शेड टाकली होती आणि आता त्या कोंबड्यांना हगवण लागली होती. चार दगावल्या होत्या. या गेल्या की पुन्हा पऱ्हाटीच.

जंतूंची पुडी कोंबड्यांच्या पिण्याच्या पाण्यात कालवायची होती. जंतूंचं नाव निघालं म्हणून इंदूबाईंनी पाणी खळखळ उकळलं आणि कढत पाण्यातच पुडी सोडली. पुंडलिकरावांनी मागचं उरलेलं अँटिबायोटिक त्यातच मिसळलं. पंपात दोन औषधं एकत्र केली की जोर येतो, हे पंचक्रोशीत कुणालाही विचारा. संध्याकाळी कॉलेजातून आलेल्या सलोनीनं, त्यांच्या लेकीनं, वरून क्लोरीनचे थेंब टाकले. कुणी कुणाला सांगितलं नाही. चांगलं काम गाजावाजा न करता करावं, असं या घराचं वळण.

दोन दिवसांत आणखी तीन मेल्या. राजदीप डॉक्टर आले, त्यांनी एकेकाची जबानी ऐकली आणि बोटांवर मोजलं.

"तीनदा मारले तुम्ही ते."

"म्हंजे थे जिते होते?" पुंडलिकराव चक्रावले.

"जिवंत होते म्हणून तर दिले."

"मंग एवढ्या औषधानं वाईटवाले काहून नाई मेले?"

यावर डॉक्टरांनी दुसरी पुडी काढून दिली. "साधं थंड पाणी. भांडी रोज घासा, खालचं ओलं भुसकट बदला. बाकी कुणीही काही करू नका."

हा हुकूम घरानं अक्षरशः पाळला. इंदूबाई रोज भांडी लख्ख घासत, पुंडलिकराव भुसकट बदलत. सलोनीला वाटे, पुडी आई टाकते. आईला वाटे, बाबा टाकतात. पुंडलिकरावांना विचारायचीच भीती वाटे, कारण विचारलं की कुणीतरी पुन्हा टाकायचं.

पाचव्या दिवशी हगवण थांबली. आठव्या दिवशी डॉक्टर गावातले दहाबारा शेतकरी घेऊन शेडवर हजर झाले. उरलेली पुडी दाखवावी म्हणून पुंडलिकरावांनी फळीवर हात घातला. पुडी जशीच्या तशी, फोडलेलीसुद्धा नव्हती. त्यांनी इंदूबाईंकडे पाहिलं, इंदूबाईंनी सलोनीकडे आणि सलोनीनं कोंबड्यांकडे. कोंबड्या मजेत दाणे टिपत होत्या.

"पुंडलिकराव, नेमकं काय केलं ते सांगा यांना," डॉक्टर म्हणाले.

पुंडलिकरावांनी पुडी पाठीमागे धरली. खोटं बोलवत नव्हतं आणि खरं सांगायला माणसं जरा जास्तच होती.

"खरं सांगू डॉक्टरसाहेब? काईच नाई केलं. थेच लय जड गेलं."

डॉक्टर अभिमानानं मंडळींकडे वळले. "ऐकलं? पुडीवर असा विश्वास पाहिजे."