बंद नाकातला मामा

"बाबा, आई वाट बघत असंल. घरी कवा जायचं?" अभिरामच्या मांडीवर बसलेल्या मोहितनं विचारलं आणि समोरच्या बाकावरच्या जोतीराम गुरुजींची मान वर आली.

अभिराम मोहितचा बाबा नव्हता, मामा होता. पोराच्या नाकामागची ॲडिनॉइड्सची गाठ वाढलेली, टॉन्सिल्स सुजलेले. वर्षभर नाक बंद आणि तोंड उघडं. बंद नाकातून 'म' निघत नाही, त्याचा 'ब' होतो. घरच्यांना सवय होती, पण गुरुजींना ती कुठली असायला? आणि त्यांच्याच लेकीशी, भैरवीशी, येत्या रविवारी अभिरामची सुपारी फुटायची होती.

गुरुजी गारगोटीहून राजारामपुरीतल्या या दवाखान्यात कानासाठी आले होते. त्यांना कमी ऐकू येतं, एवढीच काय ती आशा होती.

"पावणं," गुरुजी म्हणाले, "आत्ताच कानातला मळ काढून आलोय. लई स्वच्छ ऐकू येतंय."

"भाचा हाय माझा, गुरुजी. मोहित, मी कोण रं तुझा?"

"बाबा."

"नीट बोल. मामा म्हण."

"बाबाच ब्हटलं की." पोर रडकुंडीला आलं.

बाकावरच्या बायका जरा सरकून बसल्या. गुरुजींनी पिशवी उचलली. "जलमभर पहिलीचा वर्ग शिकवलाय मी. त्या वयात पोरं खोटं बोलत न्हाईत."

अभिराम दारात आडवा आला. होणाऱ्या सासऱ्याला असलं काही सांगावं का, याचा विचार करायला वेळ नव्हता. "गुरुजी, एकदा नाक दाबून 'मामा' म्हणा. मग खुशाल लग्न मोडा."

गुरुजींनी त्याच्याकडे रोखून बघितलं आणि सावकाश दोन बोटांत नाक धरलं.

"बाबा," ते म्हणाले. खात्रीसाठी पुन्हा म्हणाले. "बाबा."

मग ते मोहितसमोर उकिडवे बसले. नाक धरूनच त्यांचा वर्ग सुरू झाला. नाकाचं दाक, माकडाचं बाकड. बायकाही नाकं धरून पुटपुटायला लागल्या. "शाब्बास," गुरुजींनी पोराच्या पाठीवर थाप दिली. "तुझं काय चुकत न्हाय लेका. गाठ काढली की 'म' येतोय बघ."

अभिरामनं घाम पुसला. तेवढ्यात मामा-भाच्याला दारात सोडून गाडी लावायला गेलेले विजयसिंहदाजी, मोहितचे वडील, आत आले. मोहित "बाबा, बाबा" करत त्यांना जाऊन बिलगला.

गुरुजींनी हात जोडले. आता ते फसणार नव्हते.

"या, या. तुम्ही थोरलं मामा न्हवं?"

दाजींनी तोंड उघडायच्या आत अभिराम म्हणाला, "व्हय गुरुजी. थोरलंच."