टोकेकर मास्तरांचे अलंकार

बायकोच्या तेराव्याला टोकेकर मास्तर कोपऱ्यात डोळे पुसत बसले होते. गल्लीतल्या एक बाई हुंदका देत म्हणाल्या, "काकू म्हणजे या घरातला दिवाच होत्या हो!"

"रूपक," मास्तर म्हणाले आणि पुन्हा डोळ्यांना उपरणं लावलं.

कुणी हसलं नाही. मध्य भारतातल्या आमच्या हिंदीभाषक शहरात, देवास गेटजवळच्या आमच्या मराठी गल्लीत मास्तरांची ही सवय सगळ्यांना माहीत होती. माणूस काय बोलला यापेक्षा तो कोणत्या अलंकारात बोलला, हे त्यांना आधी ऐकू येई. दूधवाला शपथेवर सांगे, "मास्साब, दूध बिल्कुल गंगाजल जैसा है।" मास्तर पातेल्यात वाकून पाहत. "उपमा तो ठीक है। पर जल इसमें सचमुच है।"

मी एका हिंदी दैनिकात बातमीदार होतो. माझ्या बातम्या त्यांना पसंत नसत. "पहिल्याच ओळीत शेवट सांगून टाकतोस. मग माणसानं पुढं वाचायचं कशाला? गोष्टीत आधी माणूस अडला पाहिजे."

मास्तर सरकारी शाळेच्या मराठी वर्गाला शिकवत. मध्य भारत हे राज्य जाऊन नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, तसा हा वर्ग ओसरू लागला. काही कुटुंबं पुण्याकडे गेली. जी राहिली त्यांनी विचार केला की मुलांना नोकऱ्या इथंच करायच्या आहेत, आणि मुलं हिंदी वर्गात घातली. मग शाळेला कळवण्यात आलं की भोपाळहून अधिकारी येतील, वर्ग पाहतील आणि तो ठेवायचा की नाही ते ठरवतील.

मास्तर तयारीला लागले. संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर मुलं व्याख्या घोकत बसत. माझी आई एकदा म्हणाली, "मास्तर, मुलांना एखादी गोष्ट सांगायला लावा की. नाहीतर आमच्याकडच्या मंगळागौरीची गाणी. साहेबांना बरं वाटेल."

"वहिनी, गोष्ट कुणीही सांगतं. शास्त्र यायला हवं. साहेबांना कळू दे, इथं काय शिकवलं जातं."

"मग मुलांनी बोलायचं कधी?"

"व्याख्या म्हणजे बोलणंच."

अधिकारी आले त्या दिवशी मी बातमीसाठी वर्गात मागच्या बाकावर होतो. मास्तरांनी धुतलेला कोट आणि काळी टोपी घातली होती. त्यांनी बोट दाखवायचा अवकाश, मुलं उभी राहून धडाधड उत्तरं देत होती. उपमा, रूपक, उत्प्रेक्षा, अनुप्रास. एकही चुकलं नाही. कथेचे घटकही झाले: कथानक, पात्र, संवाद, वातावरण.

अधिकारी भला माणूस होता. त्याने मनापासून टाळ्या वाजवल्या. "वाह, मास्साब! बच्चे तो कमाल के तैयार किए हैं आपने। उपमा, रूपक, कथानक, संवाद, नाम तक वही, जो हमारी हिंदी कक्षा में हैं। ये बच्चे वहाँ भी अव्वल आएँगे।" मग तो मुख्याध्यापकांकडे वळला. "फिर अलग कक्षा किसलिए?"

मुख्याध्यापकांनी मान खाली घातली. मास्तर अजून स्तुतीच चालली आहे अशा समजुतीने हसत होते. मुलं बाकांवर बसेपर्यंत ते हसू तसंच राहिलं.

वर्ग बंद झाला. मुलं शेजारच्या खोलीत गेली. मास्तरही त्याच खोलीत हिंदी शिकवू लागले. पगार तोच, अलंकार तेच. नुकसान काहीच झालं नाही, असं मुख्याध्यापक मला म्हणाले. मी बातमी दिली. ती आतल्या पानावर, रामघाटावरच्या स्नानाच्या बातमीखाली छापून आली. मास्तरांनी ती वाचली की नाही, ते मी विचारलं नाही.

काही दिवसांनी ते संध्याकाळी आमच्याकडे आले. आई मेथी निवडत बसली होती. ते समोरच्या पायरीवर टेकले.

"काही काम होतं का, मास्तर?"

"नाही. तुम्ही बोला."

"काय बोलू?"

"काहीही. सकाळपासून हिंदीच कानावर आहे. घरी तर तेवढंही नाही." त्यांनी आईच्या हातातल्या जुडीकडे पाहिलं. "आमची ही भाजी निवडताना फार बोलायची. मी ऐकत नसे."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग बोलू लागली. मंडीत मेथी कशी महागली आहे, भाजीवाली जुडीत माती कशी घालते, गल्लीच्या टोकाची सून माहेराहून अजून कशी आली नाही, नळाचं पाणी कसं पिवळं येतंय. मास्तर गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी खाली पडलेली काडी उचलून सुपात ठेवली.

दिवेलागण झाली. मेथी निवडून झाली, आईचं बोलणंही संपलं. मास्तर उठले नाहीत. आईने रिकामं सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "तर मी काय सांगत होते, मंडीत हल्ली मेथी..."