चांगुणेला जर्मन येते, त्याची गोष्ट

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांना एकदम जर्मन शिकायचं मनात आलं.

त्याला कारण होतं. सात समुद्रांपलीकडे जर्मनांच्या मुलखात एक काळं अरण्य आहे. तिथले प्राणी फार म्हातारे झाले होते. त्यांची सेवा करायला तिथे कुणी उरलं नव्हतं. ‘भाषा शिकून या, नोकरी तयार आहे,’ असा त्यांनी निरोप धाडला होता.

या जंगलात चांगुणा नावाची एक मुंगूस राहत असे. जखम धुणं, पाला वाटून बांधणं, तापात उशाशी बसणं, ही कामं ती चांगली करी. पण जंगलातले उंदीर संपत आले होते. घरात आई होती, पाठच्या दोन बहिणी होत्या. चांगुणेने क्लासला नाव घातलं.

क्लास बगळे सरांचा होता. सर एका पायावर उभे राहून शिकवत. ते स्वतः जर्मनीला गेले नव्हते, पण उत्तरेकडे तोंड करून उभे राहत.

पहिल्या दिवशी सगळे म्हणाले, “इख बिन अमुक, इख बिन तमुक.” म्हणजे मी अमुक आहे, मी तमुक आहे. आठवड्याभरात जंगलभर ‘इख बिन’ सुरू झालं. बाळांनो, पहिल्या पायरीवर सगळ्यांनाच जर्मन येते.

सगळ्यात पुढे होता हिरोजी पोपट. त्याला काहीही एकदा ऐकवलं की पाठ होई. अर्थ विचारून तो कुणाचा वेळ घेत नसे.

मग लिंगं आली. चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी. मुलगीही नपुंसकलिंगी.

“मुलगी नपुंसकलिंगी कशी, सर?” चांगुणेने विचारलं.

“तुम्ही कोण?” सर म्हणाले.

“मुंगूस.”

“तो मुंगूस, ती मुंगूस, की ते मुंगूस?”

“ते मुंगूस.”

“ते ठरलं तेव्हा कुणी विचारलं होतं का तुम्हाला? बसा.”

चांगुणा बसली.

पहिल्या परीक्षेत हिरोजी पहिला आला. त्याला प्रमाणपत्र मिळालं. दुसऱ्या पायरीवर क्रियापदं बदलू लागली, तेव्हा हरणं गेली. तिसऱ्या पायरीवर माकडंही गेली. हिरोजी तर पहिल्या पायरीनंतर आलाच नाही. पहिल्या नंबराच्या पुढे काही असतं, हे त्याला पटत नव्हतं.

चांगुणा दोनदा नापास झाली. दुसऱ्यांदा नापास झाली तेव्हा बिळात तोंड घालून रडली. आई म्हणाली, “अगं, रडतेस तरी आपल्या भाषेत ना? मग सोड ते जर्मन.” चांगुणेने डोळे पुसले आणि पुन्हा परीक्षा दिली. या खेपेला ती पास झाली आणि काळ्या अरण्यात गेली.

तिथे इस्पितळात तिच्या वाट्याला फ्राऊ ब्राऊन नावाची म्हातारी अस्वलीण आली. पडून तिचा पाय मोडला होता. पहिल्याच सकाळी ती कण्हत काहीतरी बोलली. चांगुणेला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. कारण त्या भागात ‘इख’ला नुसतं ‘इ’ म्हणत आणि बाकीचे शब्दही अर्धे गिळत. बगळे सरांनी गिळलेले शब्द शिकवलेच नव्हते.

एकच शब्द तिने पकडला. “क्रॉइत्स! क्रॉइत्स!”

क्रॉइत्स म्हणजे क्रूस. चांगुणेला पाठ होतं. म्हातारीला देव आठवला असेल, असं वाटून तिने भिंतीवरचा लाकडी क्रूस उतरवला आणि अदबीने तिच्या हातात दिला.

फ्राऊ ब्राऊनने क्रूसाकडे पाहिलं. मग चांगुणेकडे पाहिलं. आणि दुखत असूनही ती पलंग हलेपर्यंत हसली. मग तिने पंजा मागे नेऊन कंबरेवर ठेवला. तिकडे कंबरेलाही क्रॉइत्सच म्हणतात.

त्या दिवसापासून चांगुणा पुस्तक सोडून म्हातारीजवळ बसू लागली. म्हातारी बोट दाखवी, शब्द सांगे. चांगुणा चुके, म्हातारी गुरगुरे. असा हिवाळा गेला.

मग एकदा म्हातारीला पोटात कळा येऊ लागल्या. हेड सिस्टर हंसीण होती. ती म्हणाली, “पायाचं दुखणं आहे. गोळीची वेळ दुपारी.”

“हे पायाचं नाही,” चांगुणा म्हणाली.

“दुपारी.”

तेव्हा चांगुणा भांडली, बाळांनो. चमच्याला बाई केलं, डॉक्टरला नपुंसक केलं, क्रियापदं वाटेल तिथे टाकली. पण डॉक्टर आल्याशिवाय मी या दारातून हलणार नाही, हे हंसिणीला नीट कळलं. डॉक्टर आले. पोटात गाठ पिकली होती. तासाभरात कापली, म्हणून म्हातारी वाचली.

शुद्धीवर आल्यावर फ्राऊ ब्राऊन म्हणाली, “आता तुला भाषा आली.”

“फार चुका झाल्या हो,” चांगुणा म्हणाली.

“त्या बघायला कुणाला वेळ होता?”

काही वर्षांनी चांगुणा रजेवर घरी आली. जंगलात मोठा फलक लागला होता: ‘हिरोजी जर्मन विद्यापीठ. फाडफाड बोला!’ बगळे सर तिथेच नोकरीला होते. आता दोन्ही पायांवर उभे राहत.

चांगुणेला वाटलं, इथे महिनाभर शिकवावं. पुढच्या पोरींवर क्रूस उतरवायची पाळी येऊ नये. ती हिरोजीकडे गेली.

“जर्मन येते?” हिरोजीने विचारलं.

“कामापुरती येते. अजून अडखळते मी.”

“मी एकदाही अडखळलेलो नाही,” हिरोजी म्हणाला आणि त्याने पहिल्या पायरीची सगळी वाक्यं एका दमात म्हणून दाखवली. जमलेल्या पालकांनी टाळ्या वाजवल्या. “आता तुम्ही बोला.”

चांगुणा बोलली. थांबत, शब्द निवडत, फ्राऊ ब्राऊनसारखी. ‘इख’च्या जागी ‘इ’ म्हणाली.

पालकांनी एकमेकांकडे पाहिलं. एक माकडीण हळूच म्हणाली, “बिचारी. इतकी वर्षं तिकडे राहून साधं ‘मी’ म्हणता येईना.”

“चांगली विद्यार्थिनी होती,” बगळे सर म्हणाले. “तिकडे जाऊन बिघडली.”

हिरोजीने तिला मोठ्या मनाने पहिल्या पायरीच्या वर्गात मागच्या रांगेत जागा देऊ केली.

चांगुणा नदीकाठी गेली. तिथे तिने दोन मुंगुसपोरींना, कण्हणारा म्हातारा काय म्हणतो ते ऐकायला शिकवायला सुरुवात केली. शेवटी प्रमाणपत्र मिळणार नाही असं कळल्यावर त्यातली एक हिरोजीकडे गेली. दुसरी अजून येते.

तात्पर्य: परकी भाषा जरूर शिकावी. फक्त ती येऊ लागण्याच्या आत थांबावं.