कामसू माशाची बढती

कार्यालयाची प्रगती तिथे किती काम होतं यावर नाही, तर किती हालचाल दिसते यावर ठरते, हे आता सर्व सुज्ञ लोकांनी मान्य केलेलं आहे. काम दिसत नाही आणि जे दिसत नाही त्याचा अहवाल वर पाठवता येत नाही. याच थोर विचाराने नोंदणी कार्यालयाच्या मोठ्या साहेबांनी दर्शनी टेबलावर दहा लिटरची काचेची टाकी ठेवून तीत एक निळा बेट्टा मासा सोडला. (बेट्टा एकटाच ठेवावा लागतो. दुसरा नर दिसला की तो कल्ले फुगवून अंगावर धावतो. या बाबतीत कार्यालयाला नवीन काही शिकावं लागलं नाही.)

टाकी दहा लिटरची असली तरी फिल्टर शंभर लिटरचा घेण्यात आला. उद्या कार्यालयाचा विस्तार झाला तर ऐनवेळी धावाधाव नको, असं खरेदी समितीचं दूरदृष्टीचं मत पडलं. बटण दाबताच पाण्याचा असा झोत सुटला की मासा या काचेवरून त्या काचेवर आपटला, आणि मग सगळा जोर लावून पोहायला लागला. तो दहाच्या हजेरीला पोहत होता, जेवणाच्या सुट्टीत पोहत होता, साडेपाचला सगळे डबे घेऊन निघाले तेव्हाही पोहत होता, आणि एवढं पोहून जिथे होता तिथेच होता.

मोठे साहेब भारावून गेले. प्रत्येकाने सही करण्यापूर्वी दोन मिनिटं टाकीसमोर उभं राहून माशाकडून बोध घ्यावा, असं परिपत्रक निघालं. त्यानंतरच्या महिन्यात कर्मचाऱ्यांचा चालण्याचा वेग सत्तावीस टक्क्यांनी वाढला. तुंबलेल्या फायलीही एकतीस टक्क्यांनी वाढल्या, कारण फाइल हातात धरून भराभर चालणाऱ्या माणसाला ती खाली ठेवून उघडायला सवड कुठून मिळणार?

टाकी साफ करण्याचं काम आवक-जावक विभागातल्या बाईंकडे आलं. आत येणारे कागद आणि बाहेर जाणारे कागद त्यांच्याकडे, तेव्हा आत येणारं आणि बाहेर जाणारं पाणीही त्यांच्याकडेच असावं, हे तर्काला धरूनच होतं.

बाईंनी ते काम मनापासून केलं. शुक्रवारी त्या नळाचं पाणी बादलीत भरून ठेवायच्या, म्हणजे त्यातलं औषध उडून जातं. शनिवारी फिल्टर बंद करायचा, नळीने टाकीतलं पाव पाणी दुसऱ्या बादलीत ओढायचं, तळाला उरलेले खाद्याचे दाणे उचलायचे, फिल्टरचा स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळायचा आणि शुक्रवारचं पाणी टाकीत ओतायचं. स्पंज नळाखाली धुवायचा नाही. त्याच्या मळात जे जंतू वस्ती करून असतात तेच पाणी शुद्ध ठेवतात, आणि त्यांना धुऊन काढलं की टाकी बिघडते. (जुना मळ हलवला की सगळं बिघडतं, हे मोठ्या साहेबांना पटवून द्यावं लागलं नाही. त्यांनी फक्त एकवार हेडक्लार्ककडे पाहिलं.)

या सगळ्याला अर्धा तास लागायचा. पहिल्या शनिवारी फिल्टर बंद होताच मासा टाकीतल्या प्लॅस्टिकच्या पानावर आडवा झाला. बाईंना वाटलं, गेला. त्यांनी काचेला नाक लावून पाहिलं तर कल्ले हळूहळू हलत होते. मासा झोपला होता. सहाव्या शनिवारी मात्र तो पानावर नुसता कोसळला, आणि त्याचे लांब पर जुन्या पडद्यासारखे विरलेले बाईंना दिसले. त्यांना एकदम भडभडून आलं. परवाच घरी त्या पाच मिनिटं पलंगावर टेकल्या होत्या, तर सासूबाईंनी लगेच कपाळाला हात लावून विचारलं होतं, "बरं नाही का गं?" बाई तशाच उठून कणीक मळायला गेल्या होत्या.

संध्याकाळी त्यांनी शोभेचे मासे विकणाऱ्याचं दुकान गाठलं.

"किती दिवस चाललंय हे?" त्याने विचारलं.

"दीड महिना. दिवसभर पोहतो बिचारा."

"ताई, तो पोहत नाहीये. वाहून जाऊ नये म्हणून धडपडतोय. असंच चाललं तर आणखी पंधरा दिवस काढेल, फार तर."

"मग करू काय?"

"झोताच्या तोंडाला स्पंजचा तुकडा बांधा. पाणी गाळलं जाईल आणि त्यालाही जगता येईल."

सोमवारी बाई लवकर आल्या आणि भांडी घासायच्या नव्या स्पंजचा तुकडा केसांच्या रबराने झोताच्या तोंडाला बांधून मोकळ्या झाल्या. पाणी संथ झालं. मासा पानावर जाऊन पडला.

दहा वाजून दहा मिनिटांनी मोठे साहेब आले. दहा वाजून बारा मिनिटांनी त्यांच्या कपाळाला आठी पडली. अकराला पत्र निघालं: माशाच्या कामात अक्षम्य ढिलाई आढळली असून आवक-जावक विभागाने चार वाजेपर्यंत लेखी खुलासा करावा, अन्यथा स्पंज काढून झोत पूर्ववत करण्यात येईल.

"काढून टाका ना तो तुकडा," शिपाईमामा म्हणाले. "आपलं काय जातंय?"

"आपलं नाही, मामा. त्याचा जीव जातोय."

बावीस वर्षांच्या नोकरीत बाईंनी कागदावर 'प्राप्त' आणि 'रवाना' याखेरीज स्वतःचा एक शब्द लिहिलेला नव्हता. त्या दिवशी त्या डबा न खाता लिहीत बसल्या. चारला पाच मिनिटं कमी असताना खुलासा सादर झाला तो असा:

"सदर माशाने दीड महिना विनाखंड, विनारजा सेवा बजावली आहे. सबब त्यास अधिकारीवर्गात बढती मिळणे उचित आहे. बढतीनंतर पदास अनुसरून हालचाल कमी होणे अपेक्षितच असते. तरी त्यांच्या विश्रांतीस ढिलाई न समजता चिंतन समजावे, ही विनंती."

मोठ्या साहेबांनी खुलासा खुर्चीत रेलून, हात पोटावर ठेवून वाचला. मग माशाकडे पाहिलं. मासाही रेललेला होता. साहेबांच्या मनात आयुष्यात प्रथमच एका जलचराविषयी बंधुभाव दाटून आला.

"आणि वर हा फेस कसला?" त्यांनी विचारलं. पाणी संथ मिळालं की बेट्टा बुडबुडे सोडून घरटं बांधतो, आणि याने दुपारीच सुरुवात केली होती.

"धोरण आखताहेत, सर," बाई म्हणाल्या.

साहेबांनी मान डोलावली आणि मंजुरीची सही केली. बाईंचा जीव भांड्यात पडला. आज तो मासा धडधाकट आहे, त्याचे पर पुन्हा भरले आहेत, आणि त्याने काढलेल्या बुडबुड्यांचे तीन मसुदे वरिष्ठांच्या विचाराधीन आहेत.

बढतीमुळे पोहणाऱ्याची मूळ जागा मात्र रिकामी झाली. साहेब जाहिरात देणार होते, पण बाईंनी त्यांना ते करू दिलं नाही. सकाळपासून जीव तोडून पोहून संध्याकाळी जिथल्या तिथे असणारे उमेदवार हवे तेवढे आहेत, असा शेरा त्यांनी मारला. ते ओळखायलाही सोपे असतात. साफसफाईसाठी आठवड्यातून अर्धा तास झोत बंद झाला की मिळेल तिथे टेकतात आणि हाती येईल ते वाचत बसतात.

तुमचं वाचून झालं असेल तर उठा. पाणी बदलून झालेलं आहे.