चिठ्ठी म्हणेल तसं

सूनबाईंनी घरातल्या प्रत्येक वस्तूला एकेक इंग्रजी क्रियाविशेषण चिकटवलं होतं. सासरेबुवांची तक्रार एवढीच होती, की रोज सकाळी दाढी करताना आरशात चेहरा दिसायच्या आधी 'रेअरली' दिसतं.

पण सूनबाईंचा नाइलाज होता. कचेरीतल्या बढतीसाठी इंग्रजी व्याकरणाचा पेपर द्यावा लागे आणि दोनदा त्यांची गाडी याच धड्यावर रुतली होती. तिसरी संधी शेवटची. कसं, कधी, कुठे हे सांगणारे ते शब्द घरी तोंडपाठ असत. पेपर हातात आला की पाहुण्यांसारखे उठून जात. म्हणून ही युक्ती: वस्तू आठवली की शब्द आठवेल. काचेच्या कपाटावर 'क्विकली', रजयांच्या गाठोड्यावर 'केअरफुली', सासऱ्यांच्या आरामखुर्चीवर 'जेंटली'. लोखंडी ट्रंकेला काही उरलं नव्हतं, तिला 'नोव्हेअर' मिळालं.

नेमकी पेपरच्याच दिवशी नव्या घराची किल्ली मिळाली. पेपर दुपारी एकला. सकाळी झाडलोट करायला सूनबाई नव्या घरी गेल्या. सामानावर लक्ष ठेवायला सासरे मागे राहिले आणि लगेच खुर्चीत डुलक्या घेऊ लागले.

सामान हलवणाऱ्यांचा मुकादम तीस वर्षं या धंद्यात होता. त्याचा नियम एकच: चिठ्ठी म्हणजे मालकाचा हुकूम. शिवाय त्याला इंग्रजी वाचता येत होतं, तिथेच घात झाला.

काचेचं कपाट दोन जिने धावत उतरलं. त्या खडखडाटाने सासरे जागे झाले, तर समोरून चार गडी रजयांचं गाठोडं नवरीसारखं जपत नेत होते.

"अहो, रजया आहेत त्या," सासरे म्हणाले.

"आत काय आहे ते आम्ही विचारत नाही, आजोबा. चिठ्ठी म्हणेल तसं."

सासऱ्यांनी हात टेकले आणि पुन्हा डोळे मिटले. त्यानंतर खुर्ची त्यांच्यासकट इतक्या अलगद खाली गेली, की ते नव्या घरातच जागे झाले आणि त्यांनी आधी चहा मागितला.

सूनबाई मात्र ट्रंक शोधत होत्या. परीक्षेचं प्रवेशपत्र तिच्यात होतं आणि बारा वाजून गेले होते.

"ट्रंक कुठंय हो?"

"जिथं होती तिथंच," मुकादम म्हणाला. "तुम्हीच लिहिलंत वहिनी, कुठंही नाही म्हणून. म्हटलं, असेल काही घरगुती भानगड."

सूनबाई चपला शोधू लागल्या. चिठ्ठ्या कशासाठी होत्या, ते सासऱ्यांनीच मुकादमाला सांगितलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्याचा चेहरा पडला. त्याने वहिनींना ट्रकमध्ये पुढे बसवलं, जुन्या घरी नेऊन ट्रंक उघडली आणि एकला दोन मिनिटं असताना परीक्षा केंद्राच्या दारात ट्रक उभा केला.

प्रश्न तोच होता: दहा क्रियाविशेषणं वापरून दहा वाक्यं लिहा. सूनबाईंनी डोळे मिटून घर आठवलं. पण त्या घरात आता वस्तूच नव्हत्या. भिंती तेवढ्या होत्या, आणि शब्दही सामानाबरोबर गेले होते. दहा मिनिटं पेन हलेना. मग त्यांनी विचार केला, आज घडलं तेवढं तरी लिहावं. कपाट कसं धावलं, सासरे कसे उतरले, ट्रंक कुठेच कशी गेली नाही... दहा झाली तरी त्यांना थांबवेना.

महिन्याने निकाल लागला आणि सूनबाई पास झाल्या. त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या खरवडून काढल्या, फक्त आरामखुर्चीवरची सासऱ्यांनी काढू दिली नाही. धावत आलेल्या कपाटाची एकही काच तडकलेली नव्हती.

रजया तेवढ्या अजून सापडलेल्या नाहीत. मुकादमाला विचारलं, तर तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "काळजी नको, वहिनी. अगदी जपून ठेवल्यात."